पाण्यात मोजलेली बोटं

ज्यांचे हातपाय चार दिवसांत परके झाले त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या उशाशी बसलेल्या माणसांसाठी हे सांगतो आहे. मी सातवी शिकलेला, शेळ्या-मेंढ्यांचा व्यापारी. लिहिणं हे माझं काम नव्हे. मी बोललो, माझ्या मुलीनं उतरवून घेतलं आणि आष्ट्याच्या कुसुमताई म्हणून निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी शुद्धलेखन सुधारलं. पाण्यातल्या व्यायामाला त्या माझ्याबरोबर असायच्या. माझे काही शब्द त्यांनी काढायला लावले. काही मी काढले, काही ठेवले. तेवढी घासाघीस झालीच.

आजाराचं नाव जीबीएस. डॉक्टरांनी समजावलं त्यातलं मला उमगलं ते एवढंच, की शरीराची राखण करणारी ताकद चुकून आपल्याच नसांवर धावून जाते. राखणीचं कुत्रं आपल्याच कळपात शिरावं तसं. याहून जास्त मला सांगता येणार नाही. ज्याला हे झालंय त्यालाही जास्त ऐकायचं नसतं. त्याला एकच विचारायचं असतं, की मी उठणार का.

मला आणखी एक विचारायचं होतं. माझा उजवा हात परत येणार का? त्या हातावर माझं घर उभं होतं. आणि एका माणसावर माझा राग होता. तो राग धरून मी पाच महिने काढले.

टॉवेल

आमच्या बाजारात मोठ्या जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, हातावर टॉवेल टाकतात आणि त्याखाली बोटं धरतात. एक बोट धरलं की एक, तीन धरली की तीन, अख्खा पंजा धरला की पाच. शेकड्यात की हजारात हे जनावर बघून दोघांनाही कळतं. बाजूला शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांतच राहतो. टॉवेलाखालचा आकडा नंतरही कुणी मोठ्यानं सांगायचा नाही, ही रीत. आणखी एक खूण आहे. समोरच्याची पाची बोटं एकेक करून मिटवली आणि त्याची मूठ वळून दिली, की सौदा मोडला. पण राग नाही, पुढच्या बाजारी भेटू.

ही भाषा मला सोपाननं शिकवली. मी माण तालुक्यातला, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला. मला मात्र फिरायचं नव्हतं, विकायचं होतं. बाजारात पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा माझ्याकडं दोन शेळ्या होत्या आणि ओळख कुणाचीच नव्हती. सोपान माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्यानं माझा हात टॉवेलाखाली घेतला आणि म्हणाला, "तोंड मिटून ठेव गड्या. तुझं तोंडच तुला बुडवल." त्याला बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं आम्ही एका फडक्यातली भाकरी खाल्ली.

माझा स्वभाव तापट. सगळा बाजार जाणतो. पण माझ्या बोटांबद्दल कुणी शंका घेतली नव्हती. मीही नाही.

शनिवार

त्या शनिवारच्या पंधरवडाभर आधी मला जुलाब झाले होते. ते थांबले आणि मी विसरून गेलो. मग एका गुरुवारी हातापायांना मुंग्या यायला लागल्या. शुक्रवारी सकाळी सदऱ्याची बटणं लागेनात. बायको, सुला, लावायला आली तर मी तिच्यावर ओरडलो. आमच्याकडच्या डॉक्टरांनी ताकदीचं इंजेक्शन दिलं आणि दगदग कमी करा म्हणाले. त्या डॉक्टरांवर माझा राग आजही आहे. तो मी काढून टाकणार नाही, कुसुमताईंनी कितीही सांगितलं तरी.

शनिवारी बाजार. सोपाननं एक माडग्याळी मेंढा आणला होता. नाक पोपटाच्या चोचीसारखं, कान लांब, उभा राहिला की बघतच राहावं असा. आम्ही टॉवेल टाकला. त्यानं बोटं धरली. मला तीन लागली. मला वाटलं, हा आज मैत्रीला जागला. मी मान हलवली आणि मेंढ्याच्या पाठीवर थाप मारली. थाप मारली की सौदा पक्का.

हिशेबाला बसलो तर सोपान म्हणतो, पाच.

मी म्हणालो तीन. तो म्हणाला पाच. टॉवेलाखाली साक्षीदार नसतो. गर्दी जमली. मी त्याला नको ते बोललो. बावीस वर्षं तू मला असाच कापत आलास, असंही बोललो. तो शांत होता आणि त्याचं शांत असणं मला आणखी चढत होतं. तो म्हणाला, "बिरा, मी पंजा धरला हुता. आन्‌ तुझा हात गार पडलाय बघ. बरं वाटत न्हाई का तुला?"

मला वाटलं, लबाडी पकडली गेली म्हणून विषय बदलतोय. मी त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, धुळीत टाकला आणि त्यावर पाय देऊन उभा राहिलो. आमच्या बाजारात त्यापेक्षा कुणाच्या तोंडावर थुंकलेलं परवडलं. त्यानं टॉवेल उचलला नाही. मी मेंढा तिथंच सोडून निघालो. जीपपर्यंत चालताना दोनदा अडखळलो. रागानं पाय थरथरतात असं मला वाटलं.

रविवारी सकाळी खाटेवरून उठायला गेलो आणि खाली बसलो ते बसलोच. पाय माझे होते, पण त्यांना माझी भाषा कळत नव्हती.

साताऱ्याचा दवाखाना

साताऱ्याला नेलं तोवर मांड्याही गेल्या होत्या. पाठीतून पाणी काढलं, करंटच्या तारा लावून नसा तपासल्या. दुपारी डॉक्टर आले, खुर्ची ओढून बसले. खुर्ची ओढून बसणारा डॉक्टर चांगली बातमी आणत नाही, हे आता मला माहीत झालंय. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं.

मी विचारलं, किती दिवस?

ते म्हणाले, सांगता येत नाही. आधी अजून वाढेल, मग थांबेल, मग उतरेल. उतरायला आठवडे लागतील, महिने लागतील, काहींना वर्षही लागतं.

माझ्या धंद्यात भाव न सांगणारा माणूस एक तर अडाणी असतो नाही तर लबाड. हा दोन्ही नव्हता. त्याच्याजवळ द्यायला भावच नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या समोर असा माणूस बसला होता, ज्याच्याशी घासाघीस करून काही उपयोग नव्हता. मी भिंतीकडं तोंड फिरवलं. तेवढी मान त्या दिवशी फिरत होती. दुसऱ्या दिवशी तीही फिरेना.

मग श्वास कमी पडायला लागला आणि घशात नळी घातली. अकरा दिवस ती नळी होती. बोलता येत नाही, हलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं. हे घरच्यांनी लक्षात ठेवा. माझे चुलते माझ्या खाटेपाशी उभे राहून माझ्या माघारी जनावरं कुणी बघायची ते बोलत होते. सुला मात्र रोज येऊन कुठल्या शेळीला काय झालं ते सांगायची. काळीला दोन करडं झाली, एक पाट, एक बोकड. तेवढ्यावर माझा दिवस जायचा. एक नर्सबाई रोज माझे पाय सरळ करताना पायांशी बोलायची, चला, वळा, शाबास. मला वाटायचं, पाय माझे, आणि ही त्यांना माझ्याहून जास्त ओळखते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सोपान आला.

सुलानं त्याला आत आणलं. तिला भांडण ठाऊक होतं, पण तिनं मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय उत्तर देणार होतो. तो खाटेपाशी उभा राहिला. मग त्यानं माझ्या अंगावरच्या पांढऱ्या चादरीखाली हात घातला. चादर हलताना मला दिसली. हाताला काही लागलं नाही. तो बराच वेळ काहीतरी करत होता.

मला वाटलं, हा मरत्या माणसाला परत पाच दाखवायला आलाय. टॉवेलाऐवजी चादर. मला ओरडायचं होतं. तोंडात नळी होती. मी डोळे मिटून घेतले. माझ्याकडं तेवढंच उरलं होतं. डोळे उघडले तेव्हा तो गेला होता.

नंतर कितीतरी दिवस मी त्याला मनात शिव्या घालत होतो. मला वाटायचं, या रागानंच मी जिवंत आहे. आज तसं म्हणणार नाही. मला जिवंत ठेवलं साताऱ्याच्या इंजेक्शनांनी, श्वासाच्या मशीननं आणि त्या नर्सबाईनं. राग नुसता खाटेवर जागा अडवून बसला होता.

मुलीचं घर

नळी निघाली, घरी सोडलं, पण मी चारचाकी खुर्चीत. डॉक्टरांनी सांगितलं की सांगलीला पाण्यातल्या व्यायामाची सोय आहे, कोमट पाण्याचा हौद आहे, तुम्हाला उपयोग होईल. माझी मुलगी अर्चना माधवनगरला दिलेली. जावई विलासराव एका वर्कशॉपमध्ये कामाला. म्हणजे मुलीच्या घरी राहायचं.

माझ्या वडलांनी मुलीच्या घरी कधी पाण्याचा थेंब घेतला नाही. मी तिथं पाच महिने राहिलो. जावयानं मला उचलून संडासात नेलं. पहिल्या दिवशी मी त्याच्याकडं बघितलं नाही आणि त्यानंही माझ्याकडं बघितलं नाही. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "मामा, तुमी माज्या मानंला धरा. वर्कशॉपात याच्या दुप्पट वजन उचलतो, फकस्त ते शिव्या देत न्हाई." मी हसलो. आजारी पडल्यापासूनचं ते पहिलं हसू होतं.

पण मी चांगला रोगी नव्हतो. सगळा राग सुलावर निघायचा. चहा गार, उशी उंच, आणि हे सगळं सोपानच्या पापानं. दिवसातून दहा वेळा मी तेच म्हणायचो. एकदा ती भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, "आवं, त्यो माणूस सातारला तीनदा आला हुता. तुमी जागं हुता ते एकदाच." मी म्हणालो, त्याच्या मनाला टोचत असेल. ती पुन्हा भाकरी थापायला लागली.

हौद

ज्यांना डॉक्टर पाण्यात जायला सांगतील त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो.

हौद म्हणजे पोहायचा तलाव नव्हे. छातीइतकं पाणी, कोमट, कडेनं स्टीलचे दांडे, आत जायला उतार. चाकाची खुर्ची तशीच पाण्यात उतरते. आधी नाडी आणि ब्लडप्रेशर बघतात. ताप असला, कुठं जखम असली तर त्या दिवशी पाणी नाही. पडून पडून माझ्या पाठीला झालेली जखम पूर्ण भरेपर्यंत मला थांबवलं होतं, त्यावरून मी भांडलो होतो, आणि ते बरोबर होते. पाण्यात अर्धा तास, त्याहून जास्त नाही. बाहेर आलं की अंग शिशाचं होतं. घरी येऊन झोपायचं. मी एकदा हट्टानं जास्त केलं, दोन दिवस चमचा उचलेना. या आजारात जास्त दाम दिला म्हणून माल लवकर मिळत नाही.

व्यायाम घेणाऱ्या स्नेहल मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्या दिवशी पाणी कमरेला लागलं आणि मी दांडा धरला. धरला म्हणजे कोपरात अडकवला, कारण बोटांत पकड नव्हती. मला पोहता येत नाही. आमच्या भागात पोहण्याइतकं पाणी असतं कुठं? छातीला पाणी लागल्यावर मी मॅडमना म्हणालो, मला वर काढा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी घाबरलो होतो.

बाजूला कुसुमताई होत्या. त्यांना कंपवात. बाहेर त्यांचा हात सतत थरथरायचा, पाण्यात शांत व्हायचा. त्या म्हणाल्या, "शेठ, पाणी गिऱ्हाईक नाही. त्याला डोळे वटारून काही होणार नाही."

मॅडमनी मला उताणं तरंगायला सांगितलं. मानेभोवती फुगलेली पट्टी, डोक्याखाली त्यांचा हात. मी मान ताठ करायचो आणि कंबर खाली जायची. चार दिवस हेच. त्या म्हणायच्या, काका, सोडा. मला सोडायचं कसं ते माहीत नव्हतं. माझ्या धंद्यात जो सोडतो तो बुडतो.

पाचव्या दिवशी मला मेंढरं आठवली. लोकर कातरायच्या आधी आम्ही मेंढरं धुतो. लहानपणी बंधाऱ्याच्या पाण्यात कमरेइतकं उभं राहून ते काम मीच करायचो. मेंढरू घाबरलं की मान वर ताणतं, आणि मान ताणली की मागचं अंग बुडतं. तेव्हा हनुवटीखाली तळहात द्यायचा आणि थांबायचं. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. तळहातावर डोक्याचं वजन आलं की समजायचं, आता हे तरंगणार. शेकडो मेंढरांना मी तसं धरलं होतं. आता मॅडमचा तळहात माझ्या डोक्याखाली होता आणि मान ताणून मीच बुडत होतो.

मी डोक्याचं वजन त्यांच्या हातावर टाकलं. कान पाण्याखाली गेले. आवाज थांबले. माझे पाय आपोआप वर आले. आपल्याच पायाची बोटं पाण्याबाहेर आलेली दिसली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. हौदात ते कुणाला कळत नाही.

मग उभा राहिलो. जमिनीवर ज्या पायांना माझं वजन पेलत नव्हतं, ते पाण्यात पेलत होते. मॅडम म्हणाल्या, दहा पावलं. मी म्हणालो सहा. आठवर जमलं. रोज असंच चालायचं. महिन्याभरानं कुसुमताईंनी सांगितलं की मॅडमच्या कागदावर आधीपासून आठच लिहिलेलं असतं. ती पोरगी माझ्याहून पक्की निघाली.

डोळे मिटून

पाय येत होते. हात मागं राहिले होते. डॉक्टर म्हणाले, लांबच्या नसा शेवटी भरतात, हाता-पायाची टोकं सगळ्यात शेवटी. मी रोज मनात म्हणायचो, हात येऊ दे, मग बाजारात जातो आणि सोपानला त्याच टॉवेलाखाली दाखवतो.

एका सकाळी मॅडम म्हणाल्या, "काका, आज हाताची परीक्षा. उजवा हात पाण्याखाली ठेवा, डोळे मिटा. मी बोटं धरीन. किती धरली ते सांगायचं."

मी मनात हसलो. बावीस वर्षं मी ज्यावर भाकरी खाल्ली ते ही पोर मला विचारतेय.

"तीन," मी म्हणालो.

त्यांनी बोटं सोडली. पुन्हा धरलं. मी म्हणालो, तीनच. तिसऱ्यांदा धरलं. मला जरा राग आला. म्हणालो, "मॅडम, पुन्हापुन्हा काय विचारता? तीन म्हंजे तीन."

"काका, हात तसाच ठेवून डोळे उघडा आणि वर काढून बघा."

मी हात पाण्याबाहेर काढला. माझी पाची बोटं त्यांच्या मुठीत होती. अख्खा पंजा.

मी बघत राहिलो. कुसुमताई पलीकडं चालत होत्या, त्या थांबल्या. मॅडम म्हणाल्या, निराश होऊ नका, मागच्या महिन्यात तुम्हाला एकही कळत नव्हतं, आज तीन कळली, ही प्रगती आहे. त्यांचं पुढचं मला ऐकू येत नव्हतं. पंजा धरलेला आणि मला तीन लागलेली. तेवढंच दिसत होतं.

मी विचारलं, "मॅडम, हे हाताचं पाय जायच्या आधीबी व्हतं का?"

त्या म्हणाल्या, पुष्कळांना होतं. आधी मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, मग ताकद जाते. तुम्हाला कधी सुरू झालं होतं?

मला आठवत नाही, असं मी सांगितलं. खोटं बोललो.

कागद

घरी येऊन अर्चनाला साताऱ्याची फाइल काढायला लावली. पहिल्या पानावर, दाखल करताना मीच सांगितलेलं, डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलेलं. तिनं वाचून मराठीत सांगितलं: हातापायांना मुंग्या, बोटं बधिर, गुरुवारपासून.

बाजार शनिवारचा.

मी व्यापारी आहे. समोर कागद आला की वाद घालत नाही. पण पंधरा दिवस मी ते कुणाला बोललो नाही. राग असा सहज जात नाही. पाच महिने तो माझ्या उशाशी होता, त्याला दाणापाणी मीच घातलं होतं. मी नवी नवी कारणं शोधली. कदाचित त्यानंही तीनच धरली असतील. कदाचित माझे हात त्या दिवशी बरे असतील. मग शुक्रवारची बटणं आठवायची, आणि त्याचं ते वाक्य. तुझा हात गार पडलाय. त्या अख्ख्या बाजारात माझा आजार सगळ्यात आधी ओळखला तो त्यानं. आणि मी त्याच्या टॉवेलावर उभा राहिलो.

शेवटी सुलाला सांगितलं. ती माझ्या पायांना तेल लावत होती. तिनं हात थांबवला नाही.

"मला तवाच वाटलं हुतं," ती म्हणाली. "सदऱ्याच्या बटनाच्या दिवशीच."

मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं.

"बोलू दिलं व्हय तुमी?"

मी म्हणालो, सोपानला बोलावून घेऊ, इथं घरात बोलतो. ती म्हणाली, "घरात कशाला? शिव्या चारचौघांत दिल्या हुत्या न्हवं. आता बोलायचं त्येबी चारचौघांत बोला."

या बाईशी मी तीस वर्षांत एकही सौदा जिंकलेलो नाही.

पुन्हा शनिवार

जाण्याआधी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, जा, पण ऊन चढायच्या आत परत या, बसायला खुर्ची ठेवा, आणि गर्दीत काठी सोडू नका. विलासरावांनी गाडी काढली. सुला पुढं बसली. आमच्या बाजारात बायका मेंढरांच्या बाजूला फारशा येत नाहीत. ती आली.

मी काठी टेकत गेलो. लोक बाजूला होत होते. काहींनी ओळखलं नाही, इतका मी वाळलो होतो. सोपान नेहमीच्या लिंबाखाली उभा होता. खांद्यावर टॉवेल. निळ्या काठाचा, तोच. म्हणजे माझ्या माघारी त्यानं तो धुळीतून उचलला होता, धुतला होता.

वाटेत मी बरंच ठरवलं होतं. आधी काय बोलायचं, मग काय. समोर उभा राहिल्यावर त्यातलं काही आठवेना. तोंड उघडलं की माझं तोंड मला बुडवतं, हे त्यानंच सांगितलेलं. त्या दिवशी मात्र तोंडाशिवाय इलाज नव्हता.

मी मोठ्यानं म्हणालो, "पाच. त्या दिवशी पाचच हुती. चूक माज्या हाताची हुती."

टॉवेलाखालचा आकडा मोठ्यानं सांगायचा नाही ही रीत मी मोडली. आजूबाजूची बोलणी थांबली. कुणीतरी मागं म्हणालं, बिरा शेठ हाय रं. सोपान माझ्याकडं न बघता मेंढराच्या दोरीची गाठ सोडत होता. ती गाठ सोडायची काही गरज नव्हती.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "बस. उभा ऱ्हाऊ नगं."

विलासरावांनी खुर्ची मांडली. मी बसलो. आता पाय रागानं थरथरत नव्हते. सोपाननं मेंढा त्याच आठवड्यात दुसऱ्याला विकल्याचं सांगितलं, काळ्या शेळीची करडं कशी आहेत ते विचारलं. मग बोलणं संपलं. मला एक विचारायचं होतं आणि ते पाच महिने घशात अडकलं होतं, नळी निघाल्यावरसुद्धा.

"सातारला चादरीखाली काय धरलं हुतंस?"

तो माझ्या खुर्चीपाशी आला. मग त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला आणि माझ्या उजव्या हातावर टाकला. त्याखाली हात घातला. मी डोळे मिटले, हौदात मिटतो तसे.

अंगठा आत गेला. मग त्याच्या शेजारचं बोट मिटलं. मग मधलं. मग त्याच्या पुढचं. मग त्याचा पंजा माझ्या मुठीवर येऊन थांबला, गरम, जड.

सौदा मोडला. राग नाही. पुढच्या बाजारी भेटू.

हे त्यानं मला चादरीखालीच सांगून ठेवलं होतं, आणि मला कळलं नव्हतं.

"चार कळली," मी म्हणालो. "करंगळी न्हाई कळली."

त्यानं हात काढला नाही. टॉवेलाखाली काहीतरी हललं.

"आता?"

"न्हाई."

"आता?"

मागं एक गिऱ्हाईक बोकडाचा भाव विचारत उभं होतं. सोपाननं मान वळवली नाही. "थांब रं जरा," तो म्हणाला, आणि माझी करंगळी परत उघडली.